ओट्यावरची दोन बोटं

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं डनेडिन हे चढ-उतारांचं शहर. बाल्डविन स्ट्रीट हा जगातल्या सर्वांत उभ्या चढाच्या रस्त्यांत गणला जाणारा रस्ता याच गावात आहे. अशा ठिकाणी ऐंशी ओलांडलेल्या बाईने एकटीने घराबाहेर पडायचं तर पायांवर भरवसा हवा. १९९० नंतरच्या दशकात तिथल्या ओटागो विद्यापीठातले जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या फॅमिली डॉक्टरांच्या याद्यांमधून अशा २३३ बायका निवडल्या. सगळ्या ८० किंवा त्याहून जास्त वयाच्या, सगळ्या आपापल्या घरी राहणाऱ्या. निम्म्या बायकांच्या घरी फिजिओथेरपिस्ट जाऊन व्यायाम शिकवून आली. पहिल्या दोन महिन्यांत चार भेटी, पुढे अधूनमधून फोन. उरलेल्या निम्म्या बायकांकडेही कोणीतरी तितक्याच वेळा गेलं, पण नुसत्या गप्पा मारायला. म्हणजे ‘कोणी विचारपूस करायला येतं म्हणून म्हातारीला बरं वाटलं, बाकी काही नाही’ असं म्हणायला जागाच ठेवली नाही.

कोण किती वेळा पडलं याचा हिशेब पोस्टकार्डांवर ठेवला. दर महिन्याला कॅलेंडर छापलेलं एक कार्ड, पडलात की त्या तारखेला खूण करायची आणि महिनाअखेरीस टपालात टाकायचं. वर्ष संपलं तेव्हा गप्पावाल्या गटात १५२ वेळा पडझड झाली होती, व्यायामाच्या गटात ८८ वेळा. हा निष्कर्ष १९९७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला आणि ‘ओटागो कार्यक्रम’ हे नाव जगभरच्या फिजिओंच्या तोंडी बसलं. पुढे अशाच चार चाचण्यांमधल्या, ६५ ते ९७ वयाच्या हजारावर लोकांचे आकडे एकत्र केले, तेव्हाही पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. औषधाच्या गोळीने एवढं केलं असतं तर तिची जाहिरात प्रत्येक मेडिकलच्या दुकानात लागली असती.

आणि व्यायाम काय, तर घरातल्या घरात करता येतील असे सतरा प्रकार. त्यांतले पाच ताकदीचे, त्यांपैकी काही घोट्याला वजनाची पट्टी बांधून करायचे: खुर्चीत बसून गुडघा सरळ करणं, उभं राहून टाच मागे नेणं, पाय बाजूला उचलणं. बाकीचे बारा तोलाचे. किंचित गुडघे वाकवून पुन्हा सरळ होणं, मागे चालणं, खेकड्यासारखं आडवं चालणं, इंग्रजी आठच्या आकड्यात वळत चालणं, एका पावलाच्या पुढे दुसरं पाऊल टाचेला अंगठा लावून ठेवणं, एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, नुसत्या टाचांवर चालणं, नुसत्या चवड्यांवर चालणं, खुर्चीतून उठणं-बसणं, जिना. आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, शिवाय दोनदा चालायला जायचं. या यादीत नवल काहीच नाही. खरी खुबी चढणीत आहे. प्रत्येक प्रकाराच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: आधी ओट्याला किंवा जड टेबलाला दोन्ही हातांनी धरून, मग एका हाताने, मग काही न धरता. जमायला लागलं की लगेच अवघड करायचं.

आपल्याकडे नेमकी इथेच अडचण येते. आपल्या घरांतली माया उलट्या दिशेने चालते. आजी एकदा पडल्या, नशिबाने नुसतं खरचटलं, की दुसऱ्या दिवसापासून सगळं घर त्यांच्या मागे. ‘आई, तुम्ही उठू नका, काय हवं ते सांगा.’ पाणी हातात, ताट हातात, गॅलरीतले कपडे सूनबाई काढणार, देवपूजा खुर्चीत. हे सगळं प्रेमाने होतं आणि दोन-तीन महिन्यांत आजींना खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागायला लागतो. मग ‘बघा, आम्ही म्हणत होतो ना, आता त्यांना झेपत नाही’ असं म्हणायला घर मोकळं.

स्पेनमधल्या पाम्प्लोना इथल्या रुग्णालयात हीच गोष्ट मोजून पाहिली गेली. आजारपणामुळे दाखल झालेले ३७० वृद्ध रुग्ण, सरासरी वय ८७. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याबरोबर दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटं ताकदीचे, तोलाचे आणि चालण्याचे व्यायाम, मोजून पाच-सात दिवस. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा की नेहमीच्या उपचारांवरचे रुग्ण घरी गेले ते रोजच्या कामांत आधीपेक्षा परावलंबी होऊन, आणि व्यायाम केलेल्यांची ही घसरण थांबली, उलट थोडी सुधारणा झाली. एका आठवड्यात! आपल्याकडे दवाखान्यातून सुटी मिळताना ‘महिनाभर पूर्ण विश्रांती’ हे वाक्य डॉक्टरांनी म्हटलं नाही तर नातेवाईकच ते म्हणतात.

शरीर उभं राहतं ते तीन बातमीदारांच्या जिवावर. डोळे सांगतात की समोरची भिंत सरळ आहे. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिका सांगतात की डोकं कुठे वळलं. तळपाय, घोटे आणि गुडघे सांगतात की खाली जमीन कशी आहे. मेंदू या तिघांचं ऐकून स्नायूंना हुकूम सोडतो. एकाची बातमी कमी पडली तर उरलेले दोघे सांभाळून घेतात. एकोणिसाव्या शतकातल्या बर्लिनच्या रोम्बर्ग या डॉक्टरांच्या नावाने आजही होणारी साधी तपासणी यावरच उभी आहे: पाय जुळवून उभे राहा आणि डोळे मिटा. तळपायाची बातमी बंद झालेला माणूस लगेच झुलू लागतो. मधुमेहाने तळपाय बधिर झालेली व्यक्ती न्हाणीघरात तोंडाला साबण लावते तेव्हा नकळत हीच तपासणी देत असते, तीही ओल्या फरशीवर.

पण बातमी वेळेवर पोचूनही पाय वेळेवर उचलला नाही तर उपयोग काय? पायपुसण्यात बोट अडकलं की पडण्याआधी एक झटपट पाऊल पुढे टाकायला निमिषभरच वेळ मिळतो. वय वाढताना स्नायूंची ताकद उतरते, आणि त्याहून लवकर उतरतो तो वेग, कारण झटक्याने काम करणारे तंतू आधी कमी होतात. म्हणून तोलाच्या व्यायामाला ताकदीची जोड लागते. ती शेवटपर्यंत मिळवता येते का, हे १९९० मध्ये बोस्टनमध्ये संशोधक मारिया फियातारोन यांनी पाहिलं. वृद्धाश्रमातले नव्वदीचे दहा रहिवासी घेतले आणि मांडीच्या स्नायूंसाठी आठ आठवडे चांगलं जड वजन उचलायला लावलं. ज्या नऊजणांनी ते पुरं केलं त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. चार वर्षांनी त्यांनीच शंभर थकलेल्या रहिवाशांवर पुन्हा प्रयोग केला. त्यात एका गटाला व्यायामाशिवाय नुसतं पोषक पेय दिलं होतं. त्याने काही फरक पडला नाही. दर महिन्याला वडिलांसाठी प्रोटीन पावडरचा डबा आणून कर्तव्य उरकणाऱ्या मुलांनी एवढं तरी वाचावं.

कोथरूडमधल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मी हा व्यायाम जवळून पाहिला. आजी चौऱ्याऐंशीच्या, पूर्वी एकदा बाथरूममध्ये पडलेल्या, मनगटाला प्लास्टर होऊन गेलेलं. फिजिओ पोरसवदा, पाठीवर सॅक. तिने आधी घरभर नजर फिरवली आणि आजींच्या पायांतल्या सैल रबरी सपाता काढायला लावल्या. मग खुर्ची. आजी दोन्ही हातांनी हात्यांवर जोर देऊन, एक-दोन झोके घेऊन उठल्या.

“आजी, पावलं जरा मागे घ्या. अजून. आता पुढे वाका, नाक गुडघ्यांच्या पुढे आलं पाहिजे. हात छातीवर.”

“अगं, हात सोडले तर मी तोंडावर आपटेन.”

“मी पुढेच उभी आहे. वाका तर खरं.”

पहिल्या दोन खेपांना आजी अर्ध्यावर येऊन परत खाली बसल्या. तिसऱ्यांदा उठल्या आणि स्वतःच चकित झाल्या. मग स्वयंपाकघरात, ओट्याशी. एका पावलाच्या पुढे दुसरं. आधी दोन्ही पंजे ओट्यावर घट्ट, मग एकच हात, मग त्या हाताची दोनच बोटं, तीही नुसती टेकलेली. फिजिओचा पंजा आजींच्या कमरेमागे वीतभर अंतरावर, लागत नव्हता पण हलत त्यांच्याबरोबर होता. आजींचा घोटा थरथरत होता. दारात उभ्या असलेल्या सूनबाईंना राहवलं नाही.

“अहो, पडतील त्या!”

“नाही पडणार, मी धरीन. पण डगमगल्याच नाहीत तर हे करून उपयोग काय, ताई?”

या मुलीने ओट्याशी उभं राहून जे सांगितलं तेच सिडनीच्या संशोधक कॅथी शेरिंग्टन आणि सहकारी गेली कित्येक वर्षं आकडेवारीने मांडत आले आहेत. २०१९ मधल्या त्यांच्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधीच्या चाचण्यांचे निकाल एकत्र तोलणाऱ्या अहवालात, १०८ चाचण्या आणि २३ हजारांवर माणसं होती. सगळ्या प्रकारच्या व्यायामांनी मिळून पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटलं. तोलाचे आणि उठण्या-बसण्याचे व्यायाम ताकदीच्या व्यायामाला जोडून केले तिथे घट ३४ टक्क्यांच्या आसपास गेली. नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असं मात्र या आढाव्याला ठामपणे म्हणता आलं नाही. आपल्याकडचे बहुतेक ज्येष्ठ ‘व्यायाम करता का?’ या प्रश्नाला ‘रोज दोन फेऱ्या मारतो’ असं अभिमानाने सांगतात. फेऱ्या माराव्यात, त्या हृदयाला बऱ्या आणि मनालाही. पण सपाट रस्त्यावर सावकाश चालताना तोल पणाला लागतच नाही. बागेत खुर्च्या मांडून हात वर-खाली करणाऱ्या मंडळींचंही तेच. खुर्चीत बसून केलेल्या व्यायामाने खुर्चीत बसण्याचीच तयारी होते, हे थोडं तिखट वाटलं तरी मला म्हणावंसं वाटतं.

सिडनीच्याच लिंडी क्लेम्सन यांनी वेगळी वाट काढली. वेगळा व्यायाम करायला सांगितलं की लोक दोन महिन्यांत सोडतात, तेव्हा तो कामातच घालू या. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, खालच्या कप्प्यातलं भांडं काढताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाकायचं, चहाचं पाणी उकळेपर्यंत चवड्यांवर उंच व्हायचं. सत्तरीपुढच्या ३१७ जणांवर केलेल्या या प्रयोगात पडण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं. आपल्या स्वयंपाकघरांना हे सहज जमण्यासारखं आहे, मात्र आधी आजोबांना तिथे पाऊल टाकावं लागेल.

तोल सांभाळायला लक्षही लागतं, हे स्वीडनमधल्या उमेओ शहरात फार सुंदर रीतीने उघड झालं. वृद्धनिवासातल्या ५८ जणांबरोबर चालता चालता संशोधकांनी सहज बोलणं काढलं. बाराजण उत्तर द्यायला थांबले. चालणं आणि बोलणं त्यांना एकदम जमेना. पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहाजण पडले. त्यासाठी ना यंत्र लागलं, ना रक्त तपासलं. तुमच्या घरच्या मंडळींबरोबर संध्याकाळी चालताना हे तुम्हालाही कळू शकतं, फक्त ते थांबले म्हणून ‘चला, चला’ करू नका.

यावर जिनिव्हात शोधलेला उपाय संगीताचा होता. एमिल जॅक-डालक्रोझ या स्विस संगीतकाराने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलांना ताल शिकवण्यासाठी एक पद्धत बसवली होती: पियानो वाजतो, त्याच्या बदलत्या लयीबरोबर पावलं बदलायची, हात वेगळं काही करणार, मध्येच वळायचं, मध्येच थांबायचं. पासष्टीपुढच्या १३४ लोकांवर ती वापरली, आठवड्यातून एक तास, सहा महिने. २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षात पडण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घटलं होतं. हे वाचताना मला सारखी वारकऱ्यांची पावली दिसत होती. हातात टाळ, तोंडी अभंग, पाऊल पुढे-मागे-आडवं, मृदुंगाने लय चढवली की सगळ्यांनी चढायचं. मंगळागौरीच्या झिम्म्यातही तेच. अर्थात हा माझा कयास. पुरावा जिनिव्हाचा आहे, आळंदीचा नाही.

इथवर वाचून कोणी लगेच आजोबांना एका पायावर उभं करायला निघालं असेल तर जरा थांबावं, आधी माणूस किती थकला आहे ते पाहावं. संशोधक लिंडा फ्राइड यांनी २००१ मध्ये जर्जर अवस्थेच्या पाच खुणा मांडल्या: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, मुठीची सैल पकड, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल. पाचांपैकी तीन असल्या की माणूस जर्जर, एक-दोन असल्या की उंबरठ्यावर. नेदरलँड्समधल्या वृद्धनिवासांत गटाने व्यायाम घेतले गेले तेव्हा २००६ मध्ये असं दिसलं की उंबरठ्यावरच्या लोकांचं पडणं कमी झालं, पण जे आधीच जर्जर होते त्यांचं वाढलं! मला यात गूढ काही दिसत नाही. अंगात बळ येण्याआधी हिंमत आली असावी, माणूस जास्त हिंडू लागला असावा, आणि गटाच्या वर्गात त्याच्या कमरेमागे कोणाचा हात नसावा. सर्वांत थकलेल्या माणसाला सर्वांत जास्त फायदा हवा असतो, आणि नेमका त्यालाच एकट्यासाठी एक माणूस लागतो. स्वस्तात उरकायला गेलं की इथेच घात होतो.

डनेडिनच्या मंडळींनी स्वतःच्याच कार्यक्रमाच्या मर्यादाही लपवल्या नाहीत. २००५ मध्ये त्यांनी दृष्टी फार अधू झालेल्या ७५ वर्षांपुढच्या लोकांवर तो वापरून पाहिला. व्यायामाने पडणं घटलं नाही. घटलं ते घर नीट केल्याने, ४१ टक्क्यांनी: सैल सतरंज्या काढल्या, उजेड वाढवला, पायऱ्यांच्या कडा रंगवल्या, अशी कामं. त्याआधी १९९९ मध्ये त्यांनी झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या गोळ्या हळूहळू बंद करून पाहिल्या होत्या. त्या गटात पडण्याचं प्रमाण तब्बल ६६ टक्क्यांनी कमी झालं. आणि प्रयोग संपून महिना होतो न होतो तोच, गोळी पूर्ण सुटलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी ती पुन्हा सुरू केली. झोपेच्या गोळीशी भांडण किती अवघड असतं हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. (ती मनाने बंद करायची नसते, हेही सांगून ठेवतो. डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्यानेच.)

इंग्लंडने २०२० मध्ये आणखी एक थंड पाण्याचा शिडकावा केला. जवळपास दहा हजार ज्येष्ठांच्या मोठ्या चाचणीत सल्लापत्रकाच्या जोडीला व्यायाम दिला तरी हाडं मोडण्याचं प्रमाण नुसत्या सल्लापत्रकापेक्षा कमी झालं नाही. हाड मोडणं हा फक्त पडण्याचा प्रश्न नाही. हाडाची ठिसूळता, पडण्याची दिशा, अंगावरचं मांस, सगळंच त्यात येतं. म्हणून व्यायाम करा म्हणजे खुबा मोडणार नाही, असं वचन कोणी देत असेल तर ते देऊ नये.

तरीही पडणं कमी होतं ही थोडी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, आणि त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. महाराष्ट्रात २०२४ पासून मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांपुढच्या गरजू ज्येष्ठांच्या खात्यात एकरकमी ३ हजार रुपये येतात, चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस, लंबर बेल्ट अशा वस्तूंसाठी. योगोपचार केंद्रासाठीही ते वापरता येतात. वस्तू द्यायला सोप्या, त्यांचं वाटप करता येतं, फोटो निघतो. वॉकर हातात आलेल्या माणसाला पुन्हा काठीवर आणि काठीवरून मोकळं करायला जी मुलगी दर आठवड्याला घरी यावी लागते, तिची तरतूद करणं अवघड.

ती फिजिओच असली पाहिजे असंही नाही, हे मला या साऱ्या संशोधनातलं सर्वांत उपयोगी वाटतं. २००१ मध्ये पश्चिम ऑकलंडमध्ये हाच कार्यक्रम एका परिचारिकेने राबवला. व्यायाम शिकवण्याचा तिला काही अनुभव नव्हता, फिजिओने तिला शिकवून तयार केलं आणि पुढे देखरेख ठेवली. ७५ वर्षांपुढचे २४० लोक, पडण्याच्या प्रमाणात ४६ टक्के घट. गावोगाव आपले ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, त्यांच्या खोल्या आहेत, वाढदिवस आणि व्याख्यानं नियमाने होतात. दहा संघांमागे एक फिजिओ आणि प्रत्येक संघात तिने तयार केलेल्या दोन धडधाकट साठीच्या बायका, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. अगदी जर्जर माणसांकडे मात्र घरीच जावं लागेल.

आणि या वर्गात एक गोष्ट शिकवावी, जी व्यायामाच्या तक्त्यांत सहसा शेवटी ढकलली जाते: पडल्यावर उठायचं कसं. केंब्रिजमध्ये नव्वदीपुढच्या लोकांचा वर्षभर माग ठेवला तेव्हा पडलेल्यांपैकी ८० टक्क्यांना एकदा तरी आपल्याआपण उठता आलं नव्हतं, आणि ३० टक्के तासभर किंवा जास्त वेळ तसेच जमिनीवर पडून होते. आपल्या मागच्या पिढ्या जेवायला, निवडायला, भाजी चिरायला जमिनीवर बसत आणि दिवसात पन्नासदा उठत. डायनिंग टेबल आणि कमोड आल्यावर गुडघ्यांना सुख झालं खरं, पण साठीनंतर वर्षानुवर्षं जमिनीला न टेकलेली माणसंही त्यातूनच तयार झाली. त्यांना खाली बसवलं की ती घाबरतात.

फिजिओ हे उलट्या क्रमाने शिकवतात. आधी शेवटची पायरी: जड खुर्चीसमोर एक गुडघा टेकून, बैठकीवर हात ठेवून, पुढच्या पायावर जोर देऊन उठायचं आणि वळून बसायचं. ते जमलं की त्याआधीची: दोन्ही गुडघे आणि दोन्ही हात जमिनीवर, तिथून खुर्चीपर्यंत रांगत जाणं. मग त्याआधीची: कुशीवर वळून कोपरावर येणं. सर्वांत शेवटी उताणं झोपून पहिल्यापासून. खाली जाड सतरंजी, खुर्ची भिंतीला टेकवलेली, बाजूला धरायला माणूस. पुढे टेकायचा पाय जो जास्त भक्कम तो. कृत्रिम खुबा किंवा गुडघा बसवलेल्यांनी, मणक्याचं हाड दबलेल्यांनी आणि उभं राहताच बीपी उतरणाऱ्यांनी स्वतःच्या डॉक्टरांना आणि फिजिओला विचारल्याशिवाय यातलं काही करून पाहू नये. आणि प्रत्यक्षात पडल्यावर लगेच उठायची घाई करू नये. आधी श्वास, मग हात-पाय हलवून पाहणं, खुब्यात कळ असेल तर जागीच राहून हाक मारणं, आणि हाक ऐकू जाईल म्हणून बाथरूमची कडी आतून न लावणं.